हुरड्याच्या दिवसांतलं वजन

परवा सकाळी बाळूचा फोन आला. "आक्का, हुरडा आलाय. शनवारी या. दाजींना घेऊनच या, न्हाई तर दारातनं माघारी लावीन." बाळू माझा धाकटा भाऊ. न्हावऱ्याला शेती बघतो. तो शेतातूनच बोलत होता, कारण मागे ट्रॅक्टर धडधडत होता आणि कुणीतरी कुणावर तरी हिंदीत ओरडत होतं. मी लगेच हो म्हटलं नाही. मला कुणी जेवायला बोलावलं की आधी शंका येते, की याचं माझ्याकडे काय काम निघालं असेल? मग दुसरी शंका, की हा जे वाढणार त्यात काय काय घातलेलं असेल? सख्खा भाऊ असला तरी या दोन शंका रांगेत उभ्या राहतातच. त्या निघून जाईपर्यंत मी "बघू, कळवते" एवढंच म्हणते.

"बघू काय त्यात? कणसं थांबत्यात व्हय तुमच्यासाठी?" बाळू म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

खरं आहे त्याचं. ज्वारीचा दाणा दुधात असतो ते दिवस मोजकेच. आठ-दहा दिवस इकडेतिकडे झाले की दाणा टणक होतो आणि हुरड्याची ज्वारी होऊन जाते. आमच्याकडे पौष म्हणजे हेच सगळं एकदम. पहाटे दौंडच्या यार्डात इंजिनांच्या शिट्ट्या थंडीनं जवळ आल्यासारख्या वाटतात. चौफुल्याच्या पुढं गेलं की रस्त्याला उसाची चिपाडं पडलेली, ट्रॉल्यांच्या मागून सायकलवरची पोरं ऊस ओढताना दिसतात आणि गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून तो गोड, जाड वास येत राहतो. लहानपणी मी त्या वासामागे उन्हातान्हात दोन-दोन मैल चालत गेले आहे. आता एसटीची खिडकी लावून घेते. नुसत्या वासानं रक्तातली साखर वाढते का, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलंसुद्धा होतं. त्या हसल्या. हसून उत्तर टाळणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

हा संशय मला आबांकडून मिळाला. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा संशय एकाच वस्तूवर होता, तो म्हणजे काटा. ऊस तोडून ट्रॉली भरली की ती थेट कारखान्याला जायची नाही. आधी रस्त्याकडेच्या खाजगी वजनकाट्यावर जायची, तिथं वजन व्हायचं, चिठ्ठी आबांच्या टोपीच्या घडीत जायची, आणि मगच ट्रॅक्टर कारखान्याकडे वळायचा. संध्याकाळी ड्रायव्हर परत आला की ओसरीवर पहिला प्रश्न ठरलेला असे. पाणी नाही, चहा नाही. "काटा बरोबर व्हता का?" कोणत्याही एका कारखान्याशी त्यांचं वाकडं नव्हतं. देवळात कुणी तराजू ठेवला असता तरी त्यांनी बाहेर वजन करूनच आत पाऊल टाकलं असतं. दोन्ही आकडे जुळले तर ते म्हणत, "आज जुळलं." उद्याची खात्री ते कधीच देत नसत.

तर अशा माणसाच्या मुलीला मधुमेह झाला, आणि पुढं इन्सुलिन लागलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दहा-बारा वर्षं गोळ्यांवर रेटलं होतं. दसऱ्याच्या सुमारास दौंडच्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, आता गोळ्या पुरेनात. पेन सुरू करू." मी शाळेत छत्तीस वर्षं पेनं वाटली, पण हे पेन पोटाला टोचायचं होतं. सकाळी नाष्ट्याआधी एकदा, रात्रीच्या जेवणाआधी एकदा. चिमटीत पोटाची वळी धरायची, सुई सरळ आत घालायची, दांडा दाबायचा, दहा अंक मोजायचे. दुखत नाही हे खरं आहे. दुखत नाही म्हणूनच मला ते संशयास्पद वाटलं. ज्याची जाणीवच होत नाही ते आत जाऊन काय करतंय, हे कसं कळायचं?

ते काय करतंय हे दिवाळीत कळलं. भाऊबीजेचा ब्लाउज बाहीत अडकला. मी शिंप्यावर संशय घेतला. मग दुसरा ब्लाउज काढला, जो त्या शिंप्यानं शिवलेलाच नव्हता. तोही अडकला.

घरातला वजनकाटा पंच्याहत्तर म्हणाला. आधी मी एकोणसत्तर होते. माझा अर्थातच विश्वास बसला नाही. दवाखान्यात गेले, तिथला त्र्याहत्तर म्हणाला. म्हणजे दोनातला एक खोटं बोलत होता. न्हावऱ्याला भाऊबीजेला गेले तेव्हा बाळूच्या कांद्याच्या गोण्या मोजायच्या काट्यावर उभी राहिले. तो चौऱ्याहत्तर म्हणाला. आता तीन काटे आणि तीन आकडे. बाळू म्हणाला, "आक्का, मोठ्या काट्यावर चल की. तिथं तरी समाधान हुईल." त्यानं चेष्टेत म्हटलं होतं, पण मी आबांची मुलगी. गेले. उसानं भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली मला वर बसवून एकदा मोजला आणि मला खाली उतरवून एकदा मोजला. फरक आला ऐंशी. मी परत करायला लावलं. फरक आला साठ. केबिनमधला माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "बाई, ह्यो काटा धाच्या पटीत बोलतोय. ह्यो तुमच्यासाठी न्हाई, उसासाठी हाय." मागे चार ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होते. मला साठ हा आकडा आवडला होता, हे मी इथं प्रामाणिकपणे सांगून टाकते.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. साखर आधी लघवीवाटे वाहून जात होती, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आता इन्सुलिनमुळे ते अंगी लागतंय. म्हणून आहार थोडा बेतानं घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. भात कमी, भाकरी मोजून, पालेभाजी-काकडी जास्त, संध्याकाळी चालणं. पण एकदम काही सोडायचं नाही, जेवण चुकवायचं नाही, आणि खाण्यात बदल केला तर त्यांना सांगायचं, म्हणजे डोस कमी करता येईल. एवढं सगळं त्या म्हणाल्या. मी त्यातलं 'कमी' तेवढं ऐकलं. वर्गातली मुलं प्रश्नाचा पहिला शब्द वाचून उत्तर लिहायला घेतात तेव्हा मी त्यांच्या कानशिलाजवळ खडू आपटायचे.

माझे यजमान रेल्वेत स्टेशन मास्तर होते. दौंडच्या आसपासच्या छोट्या छोट्या स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतरही गावात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. मीही शाळामास्तरीण, त्यामुळे घरात दोन मास्तर आणि विद्यार्थी एकही नाही. त्यांचा स्वभाव माझ्या उलट. भाजीवाल्याच्या तराजूकडे बघत नाहीत, दुधात पाणी आहे का हे चाखत नाहीत. मला वाटायचं, या माणसाला शंका येण्याची सोयच देवानं दिलेली नाही. याबाबतीत मी किती चुकले होते ते पुढं येईलच.

दुपारी मी दीड भाकरी खायची असं ठरलं होतं. मी त्यातली अर्धीच खाऊ लागले. यजमान जेवून हात धुवायला उठले की उरलेली एक भाकरी पदराआड घेऊन डब्यात टाकायची आणि संध्याकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या गाईला घालायची. डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मोडता घातला असता. मला वजन उतरवून दाखवायचं होतं, त्यांना आणि त्या सुईलाही. यजमानांना एकदा तर मी सरळ सांगून टाकलं होतं, "ही सुईच मला फुगवते. संक्रांतीपर्यंत वजन खाली आलं नाही तर मी ती बंद करणार."  त्यांना माझी आई आठवली असणार. आईनं कुणाच्या तरी सांगण्यावरून पाल्याचा काढा धरला आणि गोळ्या सोडल्या होत्या. ती गेली तेव्हा तिच्या पायाला पट्टी बांधलेली होती आणि उशाशी काढ्याचा तांब्या होता. आम्ही दोघंही तिथं होतो.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी पलंगावर आडवी झाले आणि जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून निम्मं सरकलेलं होतं. हनुवटी चिकट होती. ब्लाउज गळ्यापाशी ओला, आणि अंग घामानं थंडगार. यजमान शेजारी स्टुलावर बसले होते, हातात रिकामा पेला.

"काय सांडलंत माझ्यावर?" मी विचारलं.

"पाणी पाजत होतो. तुला झोपेत तहान लागली होती."

झोपेत कुणाला तहान लागते? आणि पाणी चिकट असतं का? मी त्यांच्याकडे बघितलं, ते पेल्याकडे बघत होते.  मी उठून तोंड धुतलं आणि हा प्रसंग मनात जपून ठेवला. माझ्याकडे असे पुष्कळ प्रसंग जपून ठेवलेले असतात. वेळ आली की मी ते काढते.

त्या दिवसानंतर दुपारचा चहा ते स्वतः करू लागले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, एवढ्या वर्षांत कधी गॅस पेटवला नव्हता. आता चार वाजले की आतून भांड्याचा आवाज यायचा, "तू बस, मी आणतो." सहाच्या सुमारास पुन्हा अर्धा कप. माझ्या चहात साखरेऐवजी त्या बारीक गोड गोळ्या टाकायच्या असत, दाबली की एक गोळी पडते त्या डबीतल्या. चहा छान लागायचा. जरा जास्तच छान.

शेजारणी म्हणायच्या, "बाई, नशीब काढलंत. नवरा चहा करून देतो." मी मान डोलवायची आणि आतून विचार करायची, की हा माणूस अचानक इतका चांगला का वागतोय?

पौष लागला तरी वजन उतरेना, उलट किलोभर वाढलं. संध्याकाळी सातला जेवणाआधी मी बोटाला टोचून साखर बघायची आणि वहीत लिहायची. तो आकडा दर आठवड्याला चढत होता. डॉक्टर वही बघून म्हणायच्या, "जेवण ठरल्याप्रमाणेच ना?" मी म्हणायची, "अगदी." मग त्या सकाळचा डोस दोन युनिटनं वाढवायच्या. असं तीनदा झालं. अर्ध्या भाकरीवर जगणाऱ्या बाईची साखर वाढते आणि वजनही वाढतं, हे गणित मला कुणी सोडवून दाखवावं. मी इन्सुलिन देणाऱ्या दुकानदारावर संशय घेतला. आमच्या फ्रीजवर घेतला. ज्वारीच्या पिठात गिरणीवाला गहू मिसळतो की काय, म्हणून दळणाला स्वतः जाऊन उभी राहिले. त्यानं निमूट मला जात्याचं तोंड उघडून दाखवलं. मला थोडी लाज वाटली, पण फार नाही.

मग एक दिवस गोड गोळ्यांची डबी हातात आली. त्यांनी चहा हातात घेतला त्याच आठवड्यात आणलेली. हलवून बघितली तर जवळजवळ भरलेली. दिवसाला दोन कप, कपाला दोन गोळ्या, तर एव्हाना ती संपून दुसरी यायला हवी होती. त्याच संध्याकाळी मोरीत ठेवलेल्या माझ्या कपाला मुंग्यांची ओळ लागलेली दिसली. फुलाफुलांचा कप माझा, निळ्या पट्टीचा त्यांचा. मुंग्या फुलाफुलांच्या कपाकडेच चालल्या होत्या.

मी मोरीपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. नवरा मला साखर घालतोय. का? मनात काय काय येऊन गेलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. कंटाळला असेल माझ्या दुखण्याला. सुईला, पथ्याला, वहीला. चाळीस वर्षं माझ्या शंका ऐकून त्याचे कान किटले असतील. त्या दिवशी चिकट पाणी पाजलं होतं, ते काय होतं? मला त्या क्षणी रडू आलं नाही, थंडी वाजली. आणि मी काहीच बोलले नाही. आबा म्हणायचे, काटेवाल्याला तिथल्या तिथं चोर म्हणायचं नाही, आधी दुसऱ्या काट्याची चिठ्ठी हातात घ्यायची.

त्याच आठवड्यात न्हावऱ्याला त्या वर्षीचा हुरडा होता. बांधावर खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, बाळू कणसं निखाऱ्यात सरकवतोय, आणि त्याचा गडी गरम कणीस सुपावर चोळतोय. हिरवे दाणे उड्या मारत सुपात पडत होते. माझी भावजय लसणाची चटणी, दही आणि गुळाचा खडा प्रत्येकाच्या पत्रावळीवर ठेवत होती. मी गूळ उचलून यजमानांच्या पत्रावळीवर टाकला. "आक्का, सोताच्या घरचा गूळ हाय, त्यानं काय व्हत न्हाई," भावजय म्हणाली. सगळं गोड विष घरचं असलं की चालतं, असं मानणारी आमची माणसं. मी दोन मुठी हुरडा खाल्ला आणि थांबले. दाणा तोंडात फुटला की दूध सुटतं, ते मला फार आवडतं. पण दोन मुठींवर मी थांबले, कारण मला दिसत होतं की यजमान माझ्या मुठी मोजतायत.

घरी येऊन त्यांचा सदरा धुवायला घेतला तर वरच्या खिशात कागदाची पुडी. उघडली. साखर. न्हावऱ्यापर्यंत हा माणूस खिशात साखर घेऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी झोपेचं सोंग घेतलं. चारला ते उठले. मी अनवाणी मागे गेले आणि दाराच्या फटीतून बघितलं. फुलाफुलांचा कप. साखरेचा डबा. दोन चमचे, मग थोडं थांबून अर्धा. गोळ्यांची डबी शेजारी तशीच. चहा ढवळताना त्यांनी चमचा कपाला लागू दिला नाही. आवाज होऊ नये म्हणून. ते बघून माझी उरलीसुरली शंका गेली आणि खात्री आली. खात्री शंकेपेक्षा वाईट असते हे मला त्या दिवशी कळलं. मी परत येऊन पडले. चहा आला. मी प्यायले. काय करणार, पुरावा होता.

डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी होती. यजमान नेहमीसारखे बरोबर आले. मी खुर्चीवर बसले, वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "डॉक्टर, वजन का वाढतंय ते सापडलं. हे माझ्या चहात साखर घालतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

डॉक्टरांनी यजमानांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते नाकारतील, मग मी डबी काढणार होते. डबी पर्समध्ये होती.

"घालतो," ते म्हणाले.

"मास्तर, का?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मग माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "महिन्यामागं एका दुपारी ही भलतंच बोलाया लागली. घामानं न्हायली होती. डोळे उघडे, पण मला वळखंना. मला आबा म्हणाली. इचारत होती, काटा बरोबर व्हता का. आमचे सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली, डॉक्टर. मी साखरपाणी पाजलं तवा शुद्धीवर आली." चाळीस वर्षं माझ्यासमोर शाळेची भाषा सांभाळून बोलणारा माणूस त्या दिवशी घरच्या भाषेत बोलत होता. "तवापास्नं चारला आन् सहाला घालतोय. ही दुपारची एक भाकरी गाईला घालती. मला म्हाईत हाय. मी डब्यातल्या भाकरी रोज मोजतो."

म्हणजे तेही मोजत होते. माझ्या घरात आणखी एक काटा चालू होता आणि मला पत्ता नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?" हे डॉक्टरांनी आणि मी एकदमच विचारलं.

"सांगितलं असतं तर हिनं सुई बंद केली असती. सुईनंच चक्कर आली म्हणाली असती. हिची आई तशीच गेली."

डॉक्टरांनी माझी वही पुढं ओढली. सातच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. "बाई, सकाळच्या सुईचा जोर दुपारी असतो. तुम्ही दुपारी जेवत नाही म्हणून साखर खाली जाते. हे चारला आणि सहाला साखर घालतात म्हणून सातला आकडा चढलेला दिसतो. तो आकडा बघून मी सकाळचा डोस वाढवते. म्हणजे दुसऱ्या दुपारी साखर आणखी खाली." त्यांनी वही मिटली. "तीनदा वाढवला मी. तुमच्या शब्दावर. मास्तर एखाद्या दुपारी घरी नसते तर?"

मी यजमानांकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात ते पुतण्याकडे मनमाडला जाणार होते, दोन दिवस. तिकीट काढलेलं होतं. मी एकटी घरी राहणार होते, आणि त्या दोन दिवसांत तर भाकरी अजिबातच करायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. ते मी तिथं सांगितलं.  गिरणीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता मी. ज्या एका बाईवर संशय घ्यायला हवा होता ती खुर्चीत बसून दुसऱ्याची तक्रार करत होती.

डोस त्याच दिवशी खाली आला. दुपारची भाकरी परत आली, पण पूर्ण एक, सोबत वाटीभर मटकी आणि काकडी. चार वाजता मूठभर फुटाणे. चहात गोळ्या. साखर फक्त पुडीत, आकडा सत्तरच्या खाली गेला किंवा घाम-थरथर सुरू झाली तरच. संध्याकाळी कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या. वजन उतरलं, पण ते आपल्या चालीनं, सुरुवातीला महिन्याला अर्धा किलो, पुढं वर्षाला तेवढंही नाही. मी आज बहात्तर आहे. दवाखान्याच्या काट्यावर. घरचा चौऱ्याहत्तर म्हणतो, त्याचं मी ऐकत नाही.

दवाखान्यातून परत येताना आम्ही स्टेशनच्या पुलावर थांबलो. खालून मालगाडी चालली होती, संपता संपत नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही तरी विचारायचं होतं. खाल्लंस का, म्हणून."

"विचारलं होतं की. तू 'हो' म्हणायचीस," ते म्हणाले. ते परत त्यांच्या नेहमीच्या भाषेवर आले होते. मग त्यांनी नोकरीतली एक गोष्ट सांगितली, जी चाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. गाडी सोडायच्या आधी फाटकवाल्याला फोन करायचा. फाटक बंद केलंस का? तो नुसतं 'हो' म्हणाला तर चालत नाही. त्याच्याकडे आकड्यांची एक वही असते. फाटक बंद केल्यावर त्यातला पुढचा आकडा तो सांगतो, मास्तर तो आकडा परत म्हणून दाखवतो आणि लिहून घेतो. मगच सिग्नल. "फाटकवाला खोटा असतो म्हणून नाही," ते म्हणाले, "चांगला माणूसही डुलकीत 'हो' म्हणतो. रेल्वे कुणाच्याच 'हो'वर गाडी सोडत नाही."

मला ती पद्धत फार आवडली. आबांना तर जीव की प्राण झाली असती. दोन काटे, पण दोन्ही समोरासमोर, एकमेकांना ऐकू येतील असे. आबांच्या टोपीतली चिठ्ठी काटेवाल्याला कधी दिसत नव्हती, तिथंच सगळा फरक होता.

तेव्हापासून घरात तसंच चालतं. मी बोटाला टोचते, आकडा मोठ्यानं म्हणते, ते परत म्हणतात आणि वहीत लिहितात. "एकशे बारा." "एकशे बारा." मग सुई. युनिटही तसंच. जेवण झालं की काय खाल्लं ते मी सांगते, आणि त्यांनी माझ्या ताटात काय घातलं ते त्यांनी सांगायचं. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. बाळू तर म्हणतो, "आक्का, तुमच्या घरात जेवायचं म्हंजी इंजिन शंटिंग केल्यागत हाय." मनमाडला ते पुढं एकदा गेले तेव्हा चार वाजता फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "आकडा?" मी म्हटलं, "एकशे चार." "एकशे चार. फुटाणे?" "खाल्ले." "किती?" मी खोटं बोलणार होते, पण ओंजळीत उरलेले मोजून सांगितले.

मी बदलले असं कुणी समजू नये. इन्सुलिन उन्हाळ्यात दुकानापर्यंत गार कसं पोचतं, याचा मला अजून संशय आहे. गुळाच्या चहाच्या टपऱ्यांवर 'शुगरवाल्यांना चालेल' असं लिहिलेलं दिसलं की मी आत जाऊन भांडते. मधुमेह मुळापासून घालवतो म्हणणाऱ्यांचे निरोप फोनवर येतात, ते मी न उघडता पुसते. संशय हा माझा स्वभाव आहे आणि या दुखण्यात तो बराचसा कामाचा आहे. फक्त तो आता मी तोंडानं बोलून दाखवते.

बाळूला मग फोन करून सांगितलं, येतो. शनिवारी सकाळी निघालो. चौफुल्यावरून एसटी वळली, केडगाव मागे पडलं, पारगावच्या पुलावर नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. यजमानांच्या वरच्या खिशात पुडी होती, मी ती घरातून निघताना स्वतः तिथं ठेवली होती. न्हावऱ्याच्या अलीकडे एसटी थांबली. समोर उसाची ट्रॉली रस्त्याकडेच्या काट्यावर चढत होती, अर्धी रस्त्यात, अर्धी काट्यावर. तीच ती केबिन. आत कुणीतरी नवा पोरगा बसला होता.

मी खिडकीतून बघत होते. मनात बरेच दिवस असलेला प्रश्न तेव्हा बाहेर आला.

"त्या दुपारी मी तुम्हाला विचारलं ना, काटा बरोबर होता का. तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी खिशातली पुडी चाचपली.

"आधी काहीच सांगितलं नाही. मी तुला साखरपाणी पाजायला बघत होतो आणि तू दात आवळून धरले होतेस. पेला ढकलत होतीस. सगळं तुझ्या गळ्यावर सांडलं. परत परत एकच, काटा बरोबर होता का. मला सुचेना. घरात दुसरं कुणी नाही. मग मी म्हटलं, होता. बरोबर होता."

"मग मी प्यायले?"

"कुठली! तू म्हणालीस, खात्री केली का?"

एसटीतली माणसं वळून बघायला लागली, कारण मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. समोरची ट्रॉली काट्यावरून उतरली. ड्रायव्हर चिठ्ठी खिशात घालत परत चढला.

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, दोनदा केली," ते म्हणाले. "तेव्हा तू तोंड उघडलंस."